सासोलबर्गचा पाच मीटर रुंद रांजण

पाच सेंटिमीटरच्या नळीत जे दिसलं त्याच्या भरवशावर पाच मीटरचं भांडं बांधायचं, म्हणजे व्यास शंभर पट आणि छेदाचं क्षेत्रफळ दहा हजार पट. इतकी लांब उडी एका दमात कोणी मारत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सासोल कंपनीनेही मारली नाही, मध्ये एक मीटर व्यासाच्या पायरीवर पाय टेकला. मग मे १९९३ मध्ये सासोलबर्गला ५ मीटर व्यासाचा, २२ मीटर उंच स्लरी रिअॅक्टर चालू झाला. कोळशापासून केलेलं मेण आणि डिझेल, दिवसाला सुमारे २,५०० बॅरल. बाहेरून बघावं तर पोलादी टाकी. आत वितळलेलं मेण, मेणात तरंगणारी उत्प्रेरकाची भुकटी आणि खालून सोडलेला गॅस. ढवळायला पंखा नाही, मोटर नाही. जे काही घुसळायचं ते बुडबुड्यांनीच.

बबल कॉलम, म्हणजे खालून गॅस सोडलेला द्रवाचा उभा खांब, शिकवताना मी हेच प्रकरण फळ्यावर घेतो. पाण्यात हवा सोडून काढलेले आलेख विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण गॅसचं वागणं कुठे बदलतं आणि त्या बदलाच्या जागेपासून किती लांब राहायचं, हे ठरवायची वेळ कोणावर तरी खरोखर आली होती, हे कळलं की आलेखाकडे बघायची नजर वेगळी होते.

नळ्यांची पाच कपाटं

सासोलची स्थापना १९५० ची, सासोलबर्गच्या कारखान्यातून पहिलं कृत्रिम तेल निघालं १९५५ मध्ये. देशात कोळसा मुबलक आणि खनिज तेलाची वानवा, त्यामुळे जर्मनीत १९२० च्या दशकात फिशर आणि ट्रॉप्श यांनी काढलेली वाट त्यांनी धरली. कोळशाचा सिनगॅस करायचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण, आणि ते लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नेऊन लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन जुळवायचे. मेण आणि डिझेल हवं असेल तर तापमान बेताचं ठेवायचं, २२० ते २५० अंशांच्या आसपास.

या कामासाठी त्यांच्याकडे ‘अर्गे’ नावाचे पाच जर्मन रिअॅक्टर होते. एकेक म्हणजे ३ मीटर व्यासाचं कवच आणि त्यात २,०५० उभ्या नळ्या. प्रत्येक नळी आतून ५ सेंटिमीटर, लांबी १२ मीटर. नळ्यांत उत्प्रेरकाच्या गोळ्या ठासलेल्या, बाहेर उकळतं पाणी.

नळ्या इतक्या बारीक कशासाठी? उष्णतेसाठी. कार्बन मोनॉक्साइडच्या दर मोलमागे साधारण १६५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. नळी जाड केली तर मधल्या गोळ्यांची उष्णता भिंतीपर्यंत पोचायच्या आतच त्या तापतात, मेणाऐवजी मिथेन होऊ लागतो आणि उत्प्रेरकावर काजळी धरते. बारीक नळीतही मधला भाग कडेपेक्षा गरम राहतोच. शिवाय उत्प्रेरक थकला की दोन हजार नळ्या रिकाम्या करून पुन्हा भरायच्या. ज्याने कधी नळ्यांच्या रिअॅक्टरचं शटडाऊन काढलंय त्याला या वाक्यापुढे काही सांगायला नको.

गोळ्यांऐवजी भुकटी, आणि ती मेणातच कालवून खालून गॅस सोडायचा, ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. हर्बर्ट कोल्बेल यांनी जर्मनीत १९५२-५३ च्या सुमारास जवळपास दीड मीटर व्यासाचा असा कॉलम चालवून दाखवला होता. पण तेल स्वस्त झालं आणि ते काम मागे पडलं. सासोलनं १९८० च्या दशकात पुन्हा हात घातला तेव्हा प्रश्न दोनच उरले होते. मेणातून भुकटी वेगळी कशी काढायची, आणि मोठ्या भांड्यात गॅस वागेल कसा.

पाणी, आणि पिठलं

गॅसचं वागणं डोळ्यांनी बघायचं असेल तर पारदर्शक अॅक्रिलिकची पंधरा-वीस सेंटिमीटरची नळी, तळाला बारीक भोकांची चकती आणि एक छोटा कॉम्प्रेसर एवढं पुरतं. आमच्या प्रयोगशाळेत अशी नळी आहे, बाजूला पट्टी चिकटवलेली. व्हॉल्व्ह हळूहळू उघडला की आधी तीन ते सहा मिलिमीटरचे बुडबुडे सगळीकडे सारखे पसरून वर जातात. पाणी दुधी दिसतं, आवाज बारीक सळसळीचा. पट्टीवरची पातळी चढत जाते, कारण पाण्यात मावलेला गॅस वाढत जातो. त्यालाच गॅस होल्डअप म्हणतात. या अवस्थेत गॅस दुप्पट केला तर होल्डअपही जवळजवळ दुप्पट होतो. ही एकजिनसी तऱ्हा, वर्गात आम्ही ‘होमो’ म्हणून मोकळे होतो.

आणखी गॅस सोडला की एका टप्प्यावर आवाज बदलतो. सळसळीची गडगड होते. मधूनच हाताच्या पंजाएवढा एक बुडबुडा वाट काढत धावतो, त्याच्या मागे पाणी ओढलं जातं आणि कडेनं तेच पाणी खाली उतरताना दिसतं. लहान बुडबुडे सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटरनं चढतात, हे मोठे मीटरभर वेगानं. आता गॅस दुप्पट केला तरी होल्डअप त्या मानानं वाढत नाही, कारण जास्तीचा गॅस मोठ्या बुडबुड्यांत बसून चटकन निघून जातो. बारीक भोकांची चकती आणि साधं पाणी असेल तर मधे होल्डअपचा आलेख चक्क थोडा खालीही येतो, कुबड आल्यासारखा. ही घुसळणीची तऱ्हा, ‘हेटेरो’.

बदल नेमका कुठे होतो? साध्या हवा-पाण्यात, नळीच्या पूर्ण छेदावर वाटून काढलेला गॅसचा वेग सेकंदाला ३ ते ५ सेंटिमीटर झाला की साधारणपणे. पण हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. चकतीची भोकं एका मिलिमीटरवरून तीनवर नेली की बदल लवकर होतो किंवा एकजिनसी तऱ्हा दिसतच नाही. पाण्यात लिटरला सहा ते दहा ग्रॅम मीठ टाकलं तर बुडबुडे एकमेकांत मिसळायला कुरकुरतात आणि बदल लांबतो. नळी एखाद्या अंशाचाही अंश कललेली असली तर एका बाजूनं पाणी वर, दुसऱ्या बाजूनं खाली असा फेरा सुरू होतो आणि सगळी शिस्त मोडते. ओळंबा लावल्याशिवाय मी या नळीवर कोणाला वाचनं घेऊ देत नाही.

एक खेळ मला विशेष आवडतो. घुसळण चालू असताना गॅस एकदम बंद करायचा आणि पातळी उतरताना घड्याळ लावून बघायची. आधी भसकन उतरते, मग जणू तिला काही घाईच नाही अशी सावकाश. पहिली घसरण मोठ्या बुडबुड्यांची, दुसरी लहानांची. श्रीराम आणि मान यांनी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही हजारो रुपयांच्या प्रोबपेक्षा ती जास्त शिकवते असं माझं मत आहे.

पण सासोलबर्गच्या भांड्यात पाणी नव्हतं. तिथे मेण, आणि त्यात घट्ट कालवलेली भुकटी. त्यासाठी घरातलं पिठलं बघावं. पातेल्यात नुसतं पाणी उकळतं तेव्हा बारीक बुडबुड्यांची गर्दी होते. बेसन लावून दाट झालं की बारीक बुडबुडे गायब होतात आणि रटरट सुरू होते. मोठा एकच बुडबुडा फुगतो, फट् करून फुटतो आणि गॅसच्या शेगडीवर शिंतोडे. स्लरीत भुकटी वाढवल्यावर हेच होतं. राजमणी कृष्णा यांच्या अॅमस्टरडॅमच्या गटानं १९९० च्या दशकात पॅराफिन तेलात सिलिकाची पूड घालत घालत दाखवून दिलं की घन जितकं जास्त तितका लहान बुडबुड्यांचा वाटा कमी, आणि एकजिनसी तऱ्हा तितकी लवकर मोडते. मोठ्या बुडबुड्यांवर मात्र पुडीचा फारसा परिणाम होत नाही.

कंसातली वजाबाकी

इथे माटुंग्याचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातल्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आपल्या यूडीसीटीत, ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी १९७९ मध्ये बबल कॉलममधल्या फेऱ्यांचं एक मॉडेल मांडलं. कॉलमच्या उंचीत साधारण व्यासाएवढ्या उंचीचे, एकावर एक रचलेले भोवरे असतात असं धरायचं. गॅस वर येताना जी ऊर्जा देतो त्यातली काही बुडबुड्यांच्या मागच्या खळबळीत तिथल्या तिथे जिरते, आणि उरलेली भोवरे फिरवते.

त्यातून द्रवाच्या फेऱ्याचा वेग निघतो. गुरुत्व त्वरण, व्यास आणि एक कंस यांचा गुणाकार करायचा, त्याचं घनमूळ काढायचं आणि १.३१ नं गुणायचं. त्या कंसात एक वजाबाकी आहे. गॅसचा पूर्ण छेदावरचा वेग, वजा होल्डअप गुणिले एकट्या बुडबुड्याचा चढण्याचा वेग.

विद्यार्थ्यांना मी या वजाबाकीवर पाच मिनिटं गप्प बसायला लावतो. गॅस जितका सोडला तितका सगळा लहान बुडबुड्यांनी आपापल्या वेगानं वाहून नेला, तर कंस शून्य. भोवरे नाहीत. तीच एकजिनसी तऱ्हा. गॅस त्याहून जास्त झाला की उरलेला तुकडा धन होतो आणि भोवरे फिरू लागतात. मग फिरणारा द्रव बुडबुडे मध्यावर गोळा करतो, ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, मोठे झाले की द्रव आणखी जोरात ओढतात. एकदा चाक फिरलं की आपोआप फिरत राहतं. रेजीम, म्हणजे गॅसच्या वागण्याची तऱ्हा, बदलते म्हणजे काय, ते या एका कंसात मावतं.

दुसरी गोष्ट व्यासाची. वेग व्यासाच्या घनमुळानं वाढतो. पाच सेंटिमीटरच्या नळीवरून पाच मीटरला गेलं की साडेचार पटीहून जास्त. एक मीटरवरून पाचला गेलं की १.७ पट. शिवाय पाच सेंटिमीटरच्या नळीत अडचण वेगळीच असते. तिथे मोठ्या बुडबुड्याला पसरायला जागाच नाही, तो नळीभर अडकून बुचासारखा सरकतो. त्याला स्लग म्हणतात. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या खालच्या नळीत घुसळणीची तऱ्हा खऱ्या अर्थानं कधी येतच नाही, तिच्या जागी स्लग येतात. म्हणजे लहान नळीत अभिक्रियेची गती, मेणाचा दर्जा, उत्प्रेरकाचं आयुष्य हे सगळं तपासता येतं. मोठ्या भांड्यातला गॅस मात्र तिथे दिसत नाही. नळी खोटं बोलत नाही, तिला तेवढंच माहीत असतं.

सासोलनं १९९० मध्ये एक मीटर व्यासाचं जुनं फ्लुइडाइज्ड बेडचं (गॅसच्या झोतावर भुकटी तरंगवणारं) युनिट स्लरीसाठी बदलून घेतलं ते म्हणूनच पैशांत मोजण्यासारखं नव्हतं. एक मीटरला स्लग नाही, घुसळण पूर्ण येते. आणि तिथून पाच मीटरला जाताना फक्त १.७ पट उरते.

पाठीमागचा हिशेब

आता पाच मीटरच्या भांड्यात गॅस किती वेगानं जात असेल ते काढू. पुढचे आकडे सासोलच्या लॉगबुकातले नाहीत. छापून आलेल्या क्षमतेवरून मी कागदावर केलेला हा हिशेब आहे, आणि तुम्हीही चहा संपायच्या आत करू शकता.

२,५०० बॅरल म्हणजे सुमारे ४०० घनमीटर, अंदाजे ३०० टन दिवसाला. सेकंदाला साडेतीन किलो. साखळीतल्या एकेका दुव्याचं (एक कार्बन, दोन हायड्रोजन) वजन १४ धरलं तर सेकंदाला अडीचशेच्या जवळ मोल कार्बन मोनॉक्साइड वापरला जातो. गुणिले १६५ किलोजूल, म्हणजे ४० मेगावॉट उष्णता. आतल्या थंड नळ्यांत तेवढ्याची वाफ केली तर तासाला सत्तर टनांच्या वर. एवढी उष्णता एका टाकीतून काढायची आणि टाकीभर तापमान मात्र एकसारखं ठेवायचं.

एका मोलमागे दोन मोल हायड्रोजन, मिळून तीन. गॅस एका फेरीत ६० टक्के वापरला जातो असं धरलं तर आत सेकंदाला सुमारे १,२०० मोल सोडावे लागतात. २० बार आणि २४० अंशाला त्याचं आकारमान अडीच घनमीटरच्या आसपास होतं. पाच मीटर व्यासाचा छेद १९.६ चौरस मीटर. भागाकार केला की सेकंदाला १३ सेंटिमीटर.

साध्या पाण्यात बदल ३ ते ५ सेंटिमीटरला. भुकटी घातलेल्या मेणात त्याच्याही आधी. म्हणजे हे भांडं उंबरठ्यावर नाही, उंबरठा ओलांडून माजघरात गेलेलं आहे.

इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो. सर, पण २० बारला गॅस दाट होतो, दाट गॅसचे बुडबुडे लवकर फुटतात, म्हणून बदल पुढे ढकलला जातो ना? बरोबर आहे. हेलियमपासून सल्फर हेक्झाफ्लोराइडपर्यंतचे गॅस वापरून हे प्रयोग झालेले आहेत. पण दाट म्हणजे किती दाट ते काढावं. सिनगॅसमध्ये दोन तृतीयांश हायड्रोजन, त्याचा सरासरी रेणुभार जेमतेम ११. त्यात तो गरम. २० बारलाही घनता घनमीटरला ५ किलो, म्हणजे तुमच्या-माझ्या नाकापुढच्या हवेच्या चौपट, वीसपट नव्हे. प्रयोगशाळेत साध्या दाबाला सल्फर हेक्झाफ्लोराइडची घनता ६ च्या जवळ असते, तेव्हा ही परिस्थिती बाटलीतल्या गॅसवर उभी करता येते, पोलादी भांडं लागत नाही. दाबाचा फायदा मिळतो, पण भुकटीचं नुकसान भरून काढेल इतका नाही.

यापेक्षा माझ्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे आणि ती पाण्या-हवेच्या नळीत कधीच दिसत नाही. हा गॅस वर जाता जाता संपतो. तीन मोलांचे ६० टक्के वापरले गेले की उरतात १.२ मोल, आणि तयार झालेलं ०.६ मोल पाणी वाफेच्या रूपात. तीनाचे १.८ झाले. म्हणजे तळाशी १३ सेंटिमीटर असलेला वेग माथ्याशी ८ च्या खाली. एकाच भांड्यात खाली एक वेग, वर दुसरा. रूपांतर आणखी ताणलं किंवा लोड कमी केला, तर तळ घुसळणीत आणि माथा बदलाच्या जागेवर, असं व्हायला वेळ लागत नाही. लोड निम्मा करा. तळाशी साडेसहा, माथ्याशी चार. चार हा आकडा वर एकदा येऊन गेलाय.

आता जोशी-शर्मांच्या सूत्रात टाका. होल्डअप पाव, एकट्या बुडबुड्याचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर. एक मीटरच्या कॉलममध्ये द्रवाचा वेग सेकंदाला १.१ मीटर येतो, पाच मीटरच्या कॉलममध्ये जवळजवळ दोन. ढोबळ आकडे आहेत, आतल्या थंड नळ्यांमुळे भोवरे थोडे तुटतात. तरी वीसेक मीटरच्या मेणाच्या खांबात दोन मीटरनं वर-खाली फिरणारा द्रव म्हणजे तापमान सगळीकडे सारखं, भुकटी तळाला बसायला फुरसत नाही आणि थंड नळ्यांवर सतत नवं मेण. अर्गेच्या दोन हजार नळ्या जे करत होत्या ते इथे गॅसच्या धुमाकुळानं फुकटात होतं. दाबाचं नुकसानही सुमारे एक बार, नळ्यांत चारच्या वर. तेवढाच माल देणाऱ्या नळ्यांच्या व्यवस्थेच्या पाव किमतीत हा रिअॅक्टर बसला असं सासोलच्याच लोकांनी नंतर लिहिलं. एकटा तो पाचही अर्गेंची बरोबरी करत होता.

मोठे बुडबुडे धावत निघून जातील, त्यांच्यातला गॅस न वापरता वाया जाईल, ही भीती त्या काळात रास्त होती. ती खरी ठरली नाही याची दोन कारणं. फिशर-ट्रॉप्श अभिक्रिया मुळात संथ आहे, अडतं ते उत्प्रेरकावर, बुडबुड्याच्या कडेला नव्हे. आणि मोठा बुडबुडा म्हणजे टणक चेंडू नाही. तो दर क्षणी फुटतो, जुळतो, शेजारच्याशी गॅसची देवाणघेवाण करतो.

उंबरठा आठवण ठेवतो

मग बदलाच्या अलीकडे, एकजिनसी तऱ्हेत का नाही राहायचं? बुडबुडे लहान, पृष्ठभाग जास्त, सगळं शिस्तीत. पाठ्यपुस्तकी मोह हाच आहे, आणि काही किण्वनाच्या किंवा नाजूक पेशींच्या कामात तो योग्यही असतो. पण मेणाच्या बाबतीत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ड्रॅगोमिर बुकुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक गंमत दाखवली. वितळलेल्या मेणात गॅसचा वेग शून्यापासून चढवत नेला तर फेसाची तऱ्हा येते, होल्डअप अवाच्या सवा. तोच वेग वरून खाली उतरवत आणला तर फेस नाही, होल्डअप कितीतरी कमी. वेग एकच, मेण एकच, तापमान एकच, आणि उत्तरं दोन. कोणतं मिळेल ते तुम्ही कुठून आलात यावर.

कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी हे बघा. पातळीचा मीटर एक सांगतोय, आत मेण किती आहे ते वेगळंच. फेस माथ्यापर्यंत चढला तर भुकटीसकट मेण गॅसच्या लाइनीत. पहाटे फीड थोडं कमी झालं आणि पुन्हा वाढलं, तर सकाळी भांडं तेच राहील याची खात्री नाही. बदलाच्या जागेजवळ चालणारं भांडं असं लहरी असतं. चकतीचं एक भोक मोठं झालं, मेणात थोडं अल्कोहोल वाढलं, भुकटी दोन टक्के जास्त पडली, की वागणं फिरलं. पार पलीकडे, दहा सेंटिमीटरच्या वर गेलात की भोकांचा आकार, मेणातली अशुद्धी, सुरुवात कशी केली, या सगळ्यांचा जोर ओसरतो. मोठे बुडबुडे मोठेच राहतात. गोंधळ असतो, पण रोजचा गोंधळ सारखा असतो. डिझाइन करणाऱ्याला हवं असतं ते हेच. सासोलबर्गच्या भांड्याचं यश मला इथे दिसतं. त्यांनी बदल टाळला नाही, त्याच्या इतके पलीकडे गेले की तो आडवा येणं थांबलं.

गाळणी

आणि तरीही, स्लरीची कल्पना चाळीस वर्षं मागे राहिली ती बुडबुड्यांमुळे नाही. भुकटी मेणातून वेगळी करता येत नव्हती म्हणून. लोखंडाचा हा उत्प्रेरक मऊ, घासून घासून त्याचा चुरा होतो, आणि चुरा गाळणीची भोकं बुजवतो. एक मीटरच्या युनिटवर १९९० मध्ये गाळण्याची बऱ्यापैकी स्वस्त आणि टिकाऊ पद्धत चालली, आणि मग तीन वर्षांत पाच मीटरचा रिअॅक्टर उभा राहिला. आमच्या क्षेत्रातले लोक बुडबुड्यांवर शेकडो शोधनिबंध लिहितात, गाळणीवर फारसं कोणी लिहीत नाही. मीही नाही.

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांची गाठ कतारमध्ये पडली. रास लफानला सासोल आणि कतार पेट्रोलियम यांचा ओरिक्स हा प्रकल्प जून २००६ मध्ये सुरू झाला. दिवसाला ३४,००० बॅरलची क्षमता, दोन रिअॅक्टर, प्रत्येक सुमारे १० मीटर व्यासाचा आणि ६० मीटर उंच, वजन दोन हजार टनांवर, जपानमध्ये बनवून समुद्रमार्गे आणलेला. उत्प्रेरक आता लोखंडाचा नव्हे, कोबाल्टचा. व्यास पाचाचा दहा झाला म्हणजे घनमुळानं द्रवाचा वेग फक्त १.२६ पट. एक मीटर ते पाच मीटरपेक्षा ही उडी सोपी. गॅसच्या बाजूनं कोणाला फार धाकधूक नसावी.

अडलं ते मेणात. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बारीक गाळ तयार होऊ लागला आणि पुढची यंत्रणा तो पचवू शकेना. २००७ मध्ये कारखाना ठरलेल्या क्षमतेच्या बऱ्याच खाली चालला आणि क्षमतेजवळ यायला पुढे वेळ गेला. हा सगळा गाळ बुडबुड्यांनीच दळला असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण तापमान सारखं ठेवणारी, भुकटी तरंगती ठेवणारी जी घुसळण आपण वर कौतुकानं मोजली, ती चोवीस तास त्याच कणांना एकमेकांवर आणि थंड नळ्यांवर आपटत असते. मेण आणि कोबाल्ट टाकून असं दळण मोजायला आमच्या अॅक्रिलिकच्या नळीत जागा नाही. यंदा दोन मुलांनी तिच्यात बारीक वाळू घालून आठवडाभर गॅस चालू ठेवलाय, रोज संध्याकाळी चमचाभर पाणी काढून चाळणीत टाकतात. सोमवारपासून पाणी गढूळ होत चाललंय.